मोगरीचा ठोका

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांना आपल्या आवारातली झाडं दिसू लागतात. एरवी ती सावलीपुरती असतात, किंवा गाडीच्या टपावर पडणाऱ्या पाखरांच्या घाणीपुरती. मग महापालिकेच्या उद्यान खात्याची नोटीस येते, की आवारातली धोकादायक झाडं पावसाआधी छाटून घ्या. नोटीस फलकावर लागते आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गुलमोहराचे फोटो फिरू लागतात. कोणाला तो गेल्या वर्षीपेक्षा जास्त कललेला वाटतो, कोणाच्या गॅलरीवर त्याची फांदी आलेली असते. ‘काढूनच टाका’ म्हणणारे आणि ‘हात लावून तर बघा’ म्हणणारे असे दोन पक्ष पडतात, आणि सेक्रेटरी मध्ये सापडतात. तेवढ्यात कोणीतरी शहाणपणाचं सुचवतं: एखाद्या जाणकाराला बोलावून झाड दाखवून का घेत नाही?

प्रश्न वाटतो तेवढा लहान नाही. महापालिकेच्या २०१८ च्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे ३० लाख झाडं मोजली गेली आणि त्यातली निम्म्याहून अधिक खाजगी आवारांत निघाली. रस्त्याच्या कडेची, म्हणजे पावसाळाभर ज्यांच्याबद्दल वर्तमानपत्रं लिहितात ती, दोन लाखही भरली नाहीत. शहरातली बरीचशी वनराई अशी कुठल्या ना कुठल्या सेक्रेटरीच्या ताब्यात आहे. ताब्यात म्हणायचं, पण मालकी अर्धीमुर्धीच. शहरी झाडांसाठी महाराष्ट्रात १९७५ पासून कायदा आहे. झाड स्वतःच्या जमिनीत उभं असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्षाचा दर्जा मिळाला. थोडक्यात, तोडायचं तर विचारायचं पालिकेला, आणि पडलं तर निस्तरायचं सोसायटीने.

पालिकेची पाहणी झाली म्हणजे निश्चिंत, असंही नाही. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी रस्त्याने चाललेल्या एका बाईंवर नारळाचं झाड कोसळलं आणि त्या दगावल्या. सीसीटीव्हीतलं ते दृश्य वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा दाखवलं. मागाहून आलेल्या बातम्या जास्त अस्वस्थ करणाऱ्या होत्या: ते झाड काढण्यासाठी आधीच अर्ज झाला होता, पालिकेने पाहणीही केली होती, आणि झाड ठणठणीत आहे असं ठरवून परवानगी नाकारली होती.

त्या झाडाच्या आत नेमकं काय झालं होतं, यावर आता तर्क लढवण्यात अर्थ नाही. पण नारळ तपासणाऱ्याची परीक्षाच घेतो, एवढं खरं. आंब्या-चिंचेसारखं त्याचं खोड वर्षागणिक जाड होत नाही, त्याला वर्षवलयं नसतात, आणि झालेली जखम नव्या सालीने झाकून घेणं त्याला जमत नाही. सोंड्या भुंग्याची अळी आत शिरून गर खात राहते आणि वरच्या झावळ्या कितीतरी दिवस हिरव्यागार दिसतात. बाहेर दिसतात ती खोडावरची बारीक भोकं आणि त्यांतून ओघळलेला तांबूस, चिकट द्रव. गेंड्या भुंग्याची गोष्ट त्यामानाने सोपी. त्याने कोवळेपणी कुरतडलेली झावळी उलगडली की कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसते, आणि ते जमिनीवरून कळतं. कोकणातला मुरलेला बागायतदार खोडाला कान लावून आतली कुरतड ऐकतो. मुंबईतल्या सेक्रेटरींना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांच्या लेखी नारळ म्हणजे पाडेल्याला द्यायचे पैसे आणि उतरवलेल्या नारळांची वाटणी.

चांगला वृक्षतज्ज्ञ आला की पहिली काही मिनिटं झाडाजवळ जातच नाही. लांब उभा राहून शेंडा बघतो. पालवी सगळीकडे सारखी आहे का, टोकाच्या काड्या वाळल्यात का, एका बाजूची पानं लहान आणि पिवळट आहेत का. मग दुर्बिणीने बेचकी बघतो. दोन फांद्या ऐसपैस फाकलेल्या असतील तर ठीक. पण अगदी चिकटून, अरुंद कोनात वर गेल्या असतील तर दोघींमध्ये साल दबून राहते, लाकूड लाकडाला मिळत नाही, आणि भरपावसात ते बेचकं उभं चिरतं. नंतर बुंधा. तिथे मात्र तो गुडघ्यावर बसतो, पालापाचोळा हाताने बाजूला करतो, आणि सेक्रेटरींना प्रश्न विचारू लागतो. ही फरशी कधी बसवली? कुंपणाची भिंत नवी दिसते, पायासाठी किती खोल खणलं? गॅसची पाइपलाइन कुठून आली? या फांद्या कोणी तोडल्या आणि कोणत्या साली?

झाड दाखवायला बोलावलेला माणूस सोसायटीचं दप्तर मागतो, याचं सेक्रेटरींना नवल वाटतं. पण सगळं इंगित तिथेच आहे. झाड पडतं जुलैतल्या एखाद्या रात्री; पडायला सुरुवात मात्र झालेली असते चार-सहा वर्षांपूर्वी, कुठल्याशा कंत्राटदाराच्या दुपारच्या कामात. तपासणारा झाडाकडे बघत असतो खरा, पण वाचत असतो तो सोसायटीने मंजूर केलेले ठराव.

मुळांचंच घ्या. झाड जेवढं वर तेवढं खाली, ही समजूत फार पक्की आहे आणि चुकीची आहे. बहुतेक झाडांची बहुतेक मुळं वरच्या दोनेक फूट मातीतच असतात आणि आडवी, फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरतात. बांधकामाच्या जागेवर झाड जपायचं असेल तर खोडाच्या जाडीच्या बारा पट अंतरापर्यंत खणू नये, असा ब्रिटिश मानकाचा ठोकताळा आहे. दीड-पावणेदोन फूट जाडीच्या गुलमोहराला म्हणजे चारी बाजूंनी सहा मीटर. एवढी मोकळी जागा मुंबईच्या आवारात कुठली? तिथे बुंध्याला टेकून पेव्हर ब्लॉक असतात, त्यावर गाडी असते, आणि पावसाचं पाणी उतारावरून थेट गटारात जातं. झाडाभोवती किमान एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीसाठी दिला होता. एक मीटर ही काही चैन नव्हे, तरी तेवढ्यासाठीसुद्धा लवादापर्यंत जावं लागलं.

खणताना तोडलेलं जाड मूळ त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. झाड लगेच सुकत नाही. साठ्यावर, उरलेल्या मुळांवर दोन-तीन हंगाम निभावून नेतं, फुलतंही. पण ज्या बाजूचा आधार गेला ती बाजू गेलीच. आणखी एक खूण तपासनीस हमखास बघतो. निरोगी झाडाचा बुंधा जमिनीलगत पसरट होत गेलेला असतो, मुळं कुठून सुटली ते दिसतं. बुंधा विजेच्या खांबासारखा सरळसोट जमिनीत गेला असेल तर भोवती भराव पडला आहे असं समजायचं. हे पुण्यकर्म बरेचदा पाराच्या नावाखाली होतं. गावाकडच्या जुन्या पारांत दगडांच्या सांध्यांतून पाणी झिरपायचं. आताचा पार काँक्रीटचा, वर ग्रॅनाइट, आत दोन फूट भराव, आणि पुढे ‘ज्येष्ठ नागरिक कट्टा’ अशी पाटी. साल सतत ओलीत राहते, कुजते, आणि त्या कुजण्यावर कट्टा रंगतो.

छाटणीची कथा आणखी खेदाची. मे महिन्यात ट्रक येतो, माणसं कोयते घेऊन चढतात, आणि संध्याकाळपर्यंत झाडाचा खराटा होतो. इमारतीकडच्या फांद्या उजेडासाठी तोडल्या जातात, रस्त्याकडच्या राहतात, आणि झाडाचा सगळा तोल एका अंगाला जातो. शेंडा उडवलेल्या झाडाला पुढच्या पावसात भसाभसा धुमारे फुटतात. लोकांना वाटतं, बघा कसं जोमाने आलं. हे धुमारे खोडाच्या बाहेरच्या थरालाच धरून असतात. पाच-सात वर्षांत त्यांच्या मनगटाएवढ्या, मांडीएवढ्या फांद्या होतात आणि नेमक्या त्याच मोडून पडतात.

याबाबतीत अमेरिकी वनखात्यातले वनस्पतिरोगतज्ज्ञ ॲलेक्स शिगो यांचे उपकार मानले पाहिजेत. शिगो यांचं संशोधन यांत्रिक करवतीचं. खोड आडवं कापलं की कुजलेला एक डाग दिसतो. त्यांनी हजारो खोडं उभी चिरून पाहिली, तेव्हा कूज जखमेपासून वर-खाली कशी सरकते आणि कुठे येऊन थांबते ते दिसलं. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं ते असं: माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याला भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. फांदी खोडाला जिथे मिळते तिथल्या सुरकुतलेल्या फुगवट्यात ही भिंत घालायची तजवीज असते. म्हणून काप त्या फुगवट्याच्या अगदी बाहेर हवा. खोडालगत गुळगुळीत कापलं, तर कंत्राटदाराला काम सफाईदार वाटतं आणि झाडाची तटबंदी जाते. फूटभर खुंटी सोडली, तर ती खुंटी कुजत कुजत आत वाट करून देते. कापावर डांबर फासण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. डांबराने कूज थांबत नाही. मोरचूद-चुन्याच्या बोर्डो पेस्टला बागायतीत मान आहे आणि तो राहो, पण चुकीच्या जागी घातलेला घाव कुठल्याही लेपाने बरोबर होत नाही.

मग ठोके. तपासनीस लाकडी मोगरी घेऊन बुंध्याभोवती फिरतो आणि विताविताच्या अंतरावर ठोकत जातो. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ खोड घुमतं. जमलेली मंडळी तो घुमलेला आवाज ऐकून एकमेकांकडे बघतात, कारण पोकळ म्हणजे संपलं असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं. इथे गणित मदतीला येतं. वाकायला विरोध करतं ते मुख्यतः बाहेरचं लाकूड. खोडाच्या व्यासाचा ७० टक्के भाग मधून गोल पोकळ झाला, तरी नळी अखंड असेल तर तिची ताकद साधारण चौथ्या हिश्शाने घटते, एवढंच. कार्ल्सरूहचे जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस माथेक यांनी झाडाची बाहेरची लक्षणं वाचण्याची पद्धत बसवली. शाबूत भिंत त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्शाहून पातळ झाली की सावध व्हा, हा त्यांचा नियम जगभर वापरला जातो आणि त्यावर वादही घातला जातो. पोकळीला बाहेर तोंड असेल, म्हणजे ढोली उघडी असेल, तर हिशेब बदलतो. आणि बुंध्याशी गॅनोडर्मासारख्या बुरशीची कडक, तपकिरी, लाखेसारखी चकाकणारी छत्री दिसली तर मोगरी बाजूला ठेवून गंभीरपणे बोलावं लागतं. मुळं आणि बुंध्याचा तळ आतून पोखरला जात असल्याची ती खूण असते.

तरी कुजणं म्हणजे मरणं नव्हे. हावड्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाला एकोणिसाव्या शतकातल्या दोन वादळांनी जखमी केलं, बुरशीने मुख्य खोड खाल्लं, आणि १९२५ मध्ये ते कापून काढावं लागलं. वड आपल्या पारंब्यांवर उभा आहे आणि पसरतो आहे. गुलमोहराकडे ही सोय नाही. मादागास्करहून आलेलं हे झाड झटपट वाढतं, लाकूड ठिसूळ, मुळं वरवरची. पण आपण त्याला फुटपाथच्या चौकोनात लावायचं, भोवती सिमेंट ओतायचं आणि पडलं की ‘विदेशी झाडं अशीच’ म्हणायचं, यात थोडा कांगावा आहे.

ढोली दिसली की ती सिमेंटने बुजवायची हौस मात्र अस्सल देशी म्हणता येणार नाही. वृक्षवैद्यकाचा धंदा अमेरिकेत रुजवणारे जॉन डेव्ही यांचं ‘द ट्री डॉक्टर’ हे पुस्तक १९०१ चं. त्या काळी झाडाच्या पोकळीत सिमेंट भरणं ही मोठी कला समजली जाई. पुढे कळलं, की झाड वाऱ्यावर डुलतं आणि सिमेंट डुलत नाही; दोघांच्या घासण्यात झाडाने आतून उभारलेली भिंतच फुटते, ओल अडकते. तिकडे ही पद्धत केव्हाच मागे पडली. आपल्याकडे प्लंबिंगच्या कामातून उरलेलं सिमेंट अजून ढोलीत जातं.

मोगरीने शंका उत्पन्न झाली तरच यंत्रं काढायची. एका यंत्रात काही मिलिमीटर जाडीची लांब सुई खोडात फिरत शिरते आणि लाकूड तिला किती विरोध करतं त्याचा आलेख उमटतो. कूज आली की रेघ खाली बसते. दुसऱ्यात बुंध्याभोवती संवेदकांचा पट्टा बांधतात, एकेका ठिकाणी हळूच ठोकतात, आणि ध्वनी पलीकडे पोचायला किती वेळ लागला त्यावरून आतल्या लाकडाचं रंगीत चित्र तयार होतं. हे चित्र सभेत दाखवायला फार छान. पण ते वाचणारा माणूस कच्चा असेल तर मोगरीवाला म्हातारा माळी परवडला.

कीड-रोग हा तपासणीचा भाग असतोच. काही वर्षांपूर्वी मुंबईत रेन ट्री, म्हणजे विलायती शिरीष, एकामागून एक वाळले. त्यांच्यावर पिठ्या ढेकणांनी बस्तान ठोकलं होतं. आंब्याच्या बुंध्याशी लाकडाचा ओला भुसा पडलेला दिसला की भिरूड आत आहे. वेळेवर कळलं तर तारेच्या आकड्याने अळी ओढून काढता येते. आणि खिळे. जाहिरातींच्या पाट्या, नाताळ-दिवाळीच्या माळा, केबलची वेटोळी, सगळ्यांना झाड हा फुकटचा खांब. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या गटाने झाडांतले खिळे उपटण्याची मोहीम काढली आणि ती इतर शहरांतही गेली. झाड मारण्याइतकं सामर्थ्य एका खिळ्यात नसतं, पण खिळा ठोकणाऱ्याला आपण लाकडात नव्हे, जिवंत देहात ठोकतो आहोत याची दखल नसते, आणि तीच बेदखल पुढे कोयता चालवते.

शेवटी अहवाल येतो, आणि सगळ्यांचा हिरमोड होतो. कारण सभेला हवा असतो निकाल: धोकादायक की सुरक्षित. अहवालात असते शक्यता. हे झाड किंवा ही फांदी येत्या इतक्या काळात मोडण्याची शक्यता किती, मोडली तर कोणावर पडण्याची शक्यता किती, आणि पडली तर नुकसान किती. आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धक संस्थेची, म्हणजे इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरची, पद्धत ही अशी तीन प्रश्नांची. त्यात मुदत लिहिलेली असते, वर्ष, तीन वर्षं. मुदत संपली की अहवालही संपला. ‘हे झाड पडणार नाही’ असं लिहून द्या म्हटलं तर कुठलाही शहाणा तज्ज्ञ हात जोडतो. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळात कुलाब्याला वाऱ्याने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला, आणि मुंबईत दोन हजारांहून अधिक झाडं पडली. त्यांत पोखरलेली होती तशी धडधाकटही असणार. अशा वाऱ्याची हमी कोण देईल?

दुसरा प्रश्न, कोणावर पडेल, हा सोसायट्यांना सहसा सुचत नाही आणि स्वस्तातला उपाय तिथेच लपलेला असतो. मोडकळलेली फांदी जिथे पडेल तिथे बाक आहे, घसरगुंडी आहे, शाळेच्या बसची वाट बघणारी मुलं उभी राहतात. बाक हलवा. घसरगुंडी पलीकडे न्या. झाड होतं तिथेच, तसंच राहतं आणि धोका घटतो. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय वृक्षसुरक्षा गटाने २०११ च्या मार्गदर्शिकेत झाड पडून मृत्यू येण्याची शक्यता दर माणशी वर्षाला एक कोटीत एक इतकी धरली आहे. तो देश वेगळा, तिथला पाऊस वेगळा, मुळांवर ओतलेल्या काँक्रीटचा हिशेबही वेगळा. आपला आकडा त्याहून मोठा निघाला तर आश्चर्य नको. तरी भीती आणि धोका हे दोन निरनिराळे आकडे आहेत, एवढं त्यातून कळतं.

हे सगळं करणार कोण, ही अडचण आहेच. पालिकेच्या प्रभागात एखाद-दुसरे उद्यानविद्या सहाय्यक आणि त्यांच्यापुढे अर्जांचा ढीग. प्रमाणपत्रधारक वृक्षतज्ज्ञ महाराष्ट्रात मोजकेच. उरतो तो छाटणीचा कंत्राटदार, आणि तपासणीही तोच करतो. कापलेल्या लाकडावर ज्याची कमाई, त्याला झाड आजारी दिसणं स्वाभाविक आहे. तपासणारा आणि तोडणारा वेगळा असावा, एवढं पथ्य सोसायटीने पाळलं तरी निम्मी कत्तल टळेल, असं म्हणायला हरकत नाही.

वेळेचंही तसंच. सगळ्यांना तज्ज्ञ हवा असतो मे महिन्यात. गुलमोहराचा सांगाडा उघडा दिसतो तो पानगळीनंतर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा बेचकी आणि चिरा नीट वाचता येतात. बुरशीच्या छत्र्या उगवतात त्या पावसात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बुंध्याभोवती एक चक्कर मारायला कोणाची फी लागत नाही. पण पाऊस सुरळीत चालू झाला, पहिली वादळी रात्र निभावली, की गुलमोहराचे फोटो ग्रुपवरून नाहीसे होतात.

आणि लहान झाडांकडे तर कोणीच बघत नाही. पाच जूनला लावलेलं रोप काळ्या पिशवीत वाढलेलं असतं. पिशवीत मुळं गोल गोल फिरलेली असतात आणि तशीच खड्ड्यात जातात. वीस वर्षांनी तेच वळलेलं मूळ बुंध्याला फास लावतं. लावताना ती मुळं मोकळी केली, एखादं कापलं, तर काम मिनिटभराचं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी दोन शेंड्यांपैकी एक सिकेटरने काढला, तर पुढे जे बेचकं चिरणार ते तयारच होत नाही. त्यानंतर लोखंडी पिंजरा. पिंजरा गुरांपासून वाचवायला म्हणून बसवलेला असतो; झाड त्याच्याबाहेर गेलं, खोड जाड झालं, सळया सालीत रुतायला लागल्या, तरी तो काढत नाहीत, कारण त्यावर नगरसेवकांचं नाव रंगवलेलं असतं. मुंबईच्या आवारात आता गुरं नाहीत आणि पुष्कळ प्रभागांत ते नगरसेवकही माजी झालेत. तज्ज्ञ सांगतो, यंदा एवढंच करा, ग्राइंडर आणून हा पिंजरा कापा. आणि सेक्रेटरी खिशातून फोन काढून उद्यान खात्याला विचारतात, की पिंजरा कापायला परवानगी लागते का.